शाळेची निवड आणि घरातला अर्धा तास
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात मी बोलावे असे चिटणीसांनी सुचवले तेव्हा मी त्यांना म्हटले की, मी शिक्षक नाही, शिक्षणतज्ज्ञ तर नाहीच नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही पालक आहात ना? मग पालक म्हणून बोला. कुठे चुकलात तेही सांगा." तेव्हा चुकीपासूनच सुरुवात करतो.

माझा मुलगा २०१८ साली पहिलीत गेला. त्याआधी वर्षभर आमच्या घरात एकच विषय होता, कोणती शाळा? नातेवाइकांना विचारले, कार्यालयातील सहकाऱ्यांना विचारले. शेवटी ऐपतीपेक्षा थोडी जास्त फी असलेली एक इंग्रजी माध्यमाची खाजगी शाळा ठरली. तेथे आम्हा पती-पत्नीला आत बोलावून मुलाखत घेण्यात आली. पत्नी बारावी शिकलेली. तिला इंग्रजीत प्रश्न विचारल्यावर ती गप्प झाली आणि घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. प्रवेशासाठी बालकाची किंवा पालकांची अशी चाचणी घेणे शिक्षण हक्क कायद्याने मना आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. प्रवेश मिळाला यातच मी धन्य झालो.

पुढील दोन वर्षे मी फी वेळेवर भरली. शिकवणी लावली, तिचीही फी भरली. सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे फाइलला लावल्या. बँकेचा माणूस! पण भरलेल्या रकमेतून मुलाच्या खात्यात काय जमा झाले, हे मात्र एकदाही उघडून पाहिले नाही.

ते पाहण्याची वेळ करोनाने आणली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मुलगा तिसरीत गेला तो मोबाइलवर. आमची बँक चालू होती, पण एक दिवसाआड जावे लागे. त्यामुळे घरी असेन त्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसू लागलो. एकदा त्याने इंग्रजीतला एक उतारा घडाघडा वाचून दाखवला. मला अभिमान वाटला. मी सहज विचारले, "यात काय झालं रे?" तो म्हणाला, "बाबा, मीनिंग टीचर देणार आहेत. अजून दिलं नाही."

मी चरकलो. मराठी वर्तमानपत्र पुढे ठेवले. जोडाक्षर आले की तो थांबे. आकडे मांडून दिले तर वजाबाकी बिनचूक करी. मग मी विचारले, "पन्नासची नोट दिली, बत्तीस रुपयांचं दूध घेतलं, किती परत येतील?" त्यावर त्याने मलाच विचारले, "हे प्लस आहे की मायनस?"

मुलगा हुशार आहे, आजही आहे. शिकवणाऱ्या बाई मेहनती होत्या, त्यांनाही मी दोष देत नाही. वर्गात साठ मुले असतील तर कोणाला समजले आणि कोणी पाठ केले, हे त्यांनी तरी कसे ओळखावे? ते मी ओळखायला हवे होते.

आपल्याला हे घरी तपासता येते, त्याला पदवी लागत नाही. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते. त्यात मुलाला घरी गाठून दुसरीच्या पातळीची एक लहान गोष्ट वाचायला देतात, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचा भागाकार देतात. बस, इतकेच. आपले मूल तिसरी-चौथीत असेल तर बालभारतीचे दुसरीचे पुस्तक आणा. बालभारतीच्या संकेतस्थळावरून ते फुकट उतरवून घेता येते. एक पान वाचायला सांगा, पुस्तक मिटा आणि मग विचारा, काय वाचलेस ते तुझ्या शब्दांत सांग. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे, हेच २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' योजनेचेही उद्दिष्ट आहे. पाचवी-सहावीत गेल्यावर सगळे विषय वाचूनच शिकायचे असतात. तेथे पाया कच्चा राहिला तर इतिहासही कच्चा, विज्ञानही कच्चे.

आम्ही रोज संध्याकाळी अर्धा तास ठरवला. ऐकायला सोपे वाटते. पहिल्या महिन्यात रोज रडारड. एके दिवशी माझा हात उठला. शाळेत बाईंनी मारले असते तर मी कायदा काढून भांडायला गेलो असतो, कारण कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेला बंदी करते. घरात माझ्यावर कोणते कलम लावणार? पत्नीने मला सरळ सांगितले, "तुम्ही बाजूला व्हा." त्यानंतर तिने काम हाती घेतले. ती त्याच्याकडून वाणसामानाची यादी वाचून घेई, विजेचे बिल वाचून घेई, दुकानात पुढे करून सुट्टे पैसे मोजून आणायला लावी. झोपण्यापूर्वी गोष्टीचे एक पान. सुमारे आठ महिने लागले. आता तो माध्यमिक वर्गात आहे. इंग्रजीत अजून अडखळतो, पण अर्थ कळला नाही तर विचारतो.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की मी इंग्रजी माध्यमाच्या विरोधात आहे. मी बँकेत काम करतो. परिपत्रके इंग्रजीत येतात आणि साहेबांपुढे इंग्रजीत चार वाक्ये नीट बोलणारा पुढे जातो, हे मी रोज पाहतो. मराठी शाळा वाचवा म्हणून भाषणे करणाऱ्यांची स्वतःची नातवंडे कोठे शिकतात, हेही आपणां सर्वांना माहीत आहे. आपल्याच मुलांनी तेवढा त्याग का करावा? परंतु ज्या घरात कोणालाच इंग्रजी येत नाही, तेथे पहिल्या तीन वर्षांत मुलाला मदत करणारे घरात कोणी राहत नाही, ही किंमत आधीच ध्यानात घ्यावी. शिक्षण हक्क कायदा आणि २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण, दोन्हींमध्ये सुरुवातीचे शिक्षण शक्यतो मातृभाषेतून व्हावे असेच म्हटले आहे. मराठी शाळेतच गणित इंग्रजीतून शिकवणारे सेमी-इंग्रजी वर्ग आहेत, तो एक मधला मार्ग आहे. माझ्यापुढे आज पुन्हा निवड आली तर मी तो घेईन. इतरांनी आपल्या घराकडे पाहून ठरवावे.

आणि शाळा पाहायला जाल तेव्हा प्रवेशद्वाराची कमान पाहू नका. सुटण्याच्या वेळी जा. तिसरीच्या एखाद्या मुलाला आज काय शिकलास ते विचारा. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का, गोष्टीची पुस्तके मुलांच्या हातात आहेत की कुलपात, एका शिक्षकामागे मुले किती, हे पाहा. प्राथमिक वर्गांसाठी कायद्याचे प्रमाण तीस मुलांमागे एक शिक्षक असे आहे. मान्यतेचे पत्र आणि शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक मागायला लाजू नका. अनधिकृत शाळांची यादी शिक्षण खाते जाहीर करते, पण तोपर्यंत आपण फी भरून बसलेलो असतो.

माझ्या पिढीतील पालकांचे एक उत्तर ठरलेले असते. "वेळ कुठे आहे? आणि घर एका खोलीचं." अशा वेळी मला सुभेदार रामजी आठवतात. बाबासाहेबांचे प्राथमिक शिक्षण संपून ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले, हे विद्यार्थ्यांना माहीत आहेच, तो दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. पुढे मुंबईत परळच्या चाळीत त्यांचे कुटुंब एका खोलीत राहत असे. भिवाला लवकर झोपवून रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवीत आणि त्यानंतर आडवे होत. पुस्तकासाठी पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन पैसे वा दागिना मागून आणीत. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. त्या परीक्षेचा विचार करताना मला त्या खोलीत दोन वाजेपर्यंत जागणारा माणूस दिसतो.

यावर कोणी म्हणेल, रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, शिकलेले होते. ज्या आईला अक्षरओळख नाही तिने काय करावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला आमच्याच वसाहतीत मिळाले. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक ताई आहेत, नाव सांगत नाही. मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत. संध्याकाळी ताई भाकऱ्या थापायला बसल्या की मुलीला म्हणत, "वाच गं, मी ऐकते." मी एकदा दारात उभा होतो. मुलगी भराभर वाचत होती. ताईंनी हात थांबवला आणि म्हणाल्या, "मधलं पान गाळलंस काय? आत्ता तर म्हातारी घरात होती, रानात कधी गेली?" मुलीने मुकाट्याने पान मागे उलटले. ज्या बाईला एक अक्षर वाचता येत नाही, ती वाचनाची चोरी पकडते! गणितात ती मुलगी अजून कच्ची आहे, पण वाचनात तिचा हात धरणारे आमच्या वसाहतीत थोडे आहेत.

या ताईंची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या संस्थेच्या कामाची आहे. त्यांना मुलीला जवळच्या खाजगी शाळेत पंचवीस टक्क्यांच्या राखीव जागेवर घालायचे होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हा हक्क दिला आहे. आपल्या राज्यात अनुसूचित जातीच्या बालकाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला मात्र लागतो. तो मूळ गावच्या तालुक्यातून काढावा लागला. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० रोजी कुटुंब कोठे राहत होते, हे पाहिले जाते. ताईंचे आजेसासरे शाळेत गेलेलेच नव्हते, तर त्यांचा शाळेचा दाखला कोठून आणणार? शेवटी कोतवाल बुकातील नोंद सापडली. दाखला हातात आला तेव्हा अर्जाची मुदत टळून दोन दिवस झाले होते. त्या दिवशी ताई आमच्या ओट्यावर बसून रडल्या. माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते.

म्हणून हात जोडून विनंती आहे, मूल तीन-चार वर्षांचे झाले की कागदपत्रांना लागा. जन्माचा दाखला, जातीचा दाखला आणि नियमात बसेल असा राहत्या पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहत असाल तर करारनामा नोंदणी केलेला असावा. आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला नाव लिहिले जाताना स्वतः समोर उभे राहा. आडनावाचे स्पेलिंग, जन्मतारीख आणि जातीचा रकाना डोळ्यांनी तपासा. अनेक घरांत अभिमानाने फक्त 'बौद्ध' एवढेच लिहिले गेले. अभिमान योग्यच आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, पण दाखला आणि पुढे जात पडताळणी मूळ जातीच्या नोंदीवरूनच होते. पहिलीतला एक रकाना बारावीनंतर इंजिनीअरिंगच्या दारात मुलाला अडवतो, अशी प्रकरणे माझ्या काउंटरवर शैक्षणिक कर्जाच्या निमित्ताने येतात.

आणखी एक गोष्ट पालक विसरतात. हा मोफत प्रवेश आठवीपर्यंतच असतो. नववीला पूर्ण फी सुरू होते. तेव्हा त्या शाळेची नववीची फी किती, हे पहिलीलाच विचारून घ्यावे. बस, सहल, स्नेहसंमेलन यांचे पैसे कोण भरणार तेही विचारावे. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. पालक न्यायालयात गेले आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. ते गेले नसते तर हजारो जागा गेल्याच होत्या.

जे नोकरदार बांधव मला खाजगीत विचारतात की, उत्पन्नाची अट नाही तर आम्ही अर्ज करावा का, त्यांना मी कायदा सांगतो, करता येतो. मी स्वतः केला नाही. सोडतीत माझ्या मुलाचे नाव लागून ताईंच्या मुलीचे राहिले असते तर मला रोज त्याच जिन्याने जायचे होते. ज्याचे त्याने ठरवावे.

अर्जांच्या तारखा दरवर्षी बदलतात. संस्थेच्या फलकावर त्या लावण्याचे काम मी पत्करले आहे. शनिवारी सायंकाळी सहा ते आठ मी कार्यालयात असतो. कागदपत्रे पिशवीत घालून आणा, मूळ प्रतीही आणा. आणि येताना मुलालाही घेऊन या. तुमचे कागद पाहून होईपर्यंत तो कपाटातले एखादे पुस्तक वाचत बसेल. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, पण आता मी ते उघडेच ठेवतो.

जयभीम.