तिकीट नृत्याचे, प्रचार पंथाचा



संस्थेने आम्हाला ‘कला आणि प्रचार’ या विषयावर बोलण्यास सांगितले. आम्ही बँकेच्या खिडकीवर बसणारे कारकून. कलेतले जाणकार नव्हे. परंतु सही करण्यापूर्वी कागदावर काय लिहिले आहे ते समोरच्या माणसाला कळले पाहिजे, एवढे आम्हाला नोकरीने शिकवले आहे. हीच कसोटी आज एका परदेशी कार्यक्रमाला लावून पाहू.

कार्यक्रमाचे नाव शेन युन. २००६ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ही मंडळी स्थापन झाली. आज तिचे अनेक ताफे दरवर्षी अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया व आशियातील शहरांत फिरतात. फलकावर काय असते? रंगीत रेशमी वस्त्रे, हवेत झेपावलेली नर्तकी आणि पाच हजार वर्षांच्या चिनी संस्कृतीचे दर्शन घडवण्याचे आश्वासन. अलीकडे ‘साम्यवादापूर्वीचा चीन’ असेही शब्द असतात. तिकीट पुष्कळदा शंभर डॉलरच्या वर जाते. कुटुंबे मुलाबाळांना घेऊन, सणासुदीला जावे तशी जातात.

नृत्य उत्तम असते, हे मान्य केलेच पाहिजे. चिनी व पाश्चात्त्य वाद्यांचा मेळ असतो, मागच्या पडद्यावरील चित्रातून नर्तक रंगमंचावर उतरल्याचा भास होतो. लोककथा, दरबार, डोंगराळ जमातींची नृत्ये. आणि मध्येच उद्यानात ध्यान करणाऱ्या साधकांवर पोलीस तुटून पडतात, त्यांचे अवयव काढले जातात, आकाशातून दैवी शक्ती अवतरते. गायक गाऊ लागतो आणि पडद्यावर गीताचा अनुवाद उमटतो. त्यात नास्तिकता आणि उत्क्रांतिवाद माणसाचा घात करतात, सृष्टीचा निर्माता तारण्यासाठी येणार आहे, असा बोध असतो. नृत्य पाहायला आलेला प्रेक्षक इथे चक्रावतो. तसे अनुभव अनेकांनी वृत्तपत्रांतून लिहिले आहेत.

हा बोध फालुन गोंग या पंथाचा. ली होंगझी यांनी १९९२ साली चीनमध्ये तो सुरू केला. जुलै १९९९ मध्ये चीन सरकारने त्यावर बंदी घातली आणि साधकांची धरपकड, छळ सुरू झाला. हा छळ खरा आहे. कैद्यांचे अवयव काढल्याच्या आरोपांची चौकशी लंडनमध्ये जेफ्री नाइस यांच्या अध्यक्षतेखालील एका स्वतंत्र न्यायमंडळाने केली आणि २०१९ मध्ये ते आरोप ग्राह्य धरले. पीडितांनी आपले दुःख रंगमंचावर मांडू नये, असे आपण तरी कोणत्या तोंडाने म्हणावे?

आमचा आक्षेप तिकिटाच्या खिडकीपाशी आहे. मंडळीच्या संकेतस्थळावर, कार्यक्रमपत्रिकेत शोधणाऱ्याला पंथाचा उल्लेख सापडतो. पण रस्त्यावरच्या फलकाने तो सांगितलेला नसतो. बारीक अक्षरांतल्या अटी म्हणजे काय, हे कर्ज घेतलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

आपल्याला याकडे दुर्लक्ष करता येणार नाही, याचे आणखी एक कारण आहे. ‘फालुन’ म्हणजे धर्मचक्र. त्यांच्या चिन्हाच्या मध्यभागी स्वस्तिक आहे. शब्द बुद्धाचे, चिन्हे बुद्धपरंपरेतील. परंतु निर्मात्याची वाट पाहण्याची शिकवण तथागतांची नव्हे. ‘एहिपस्सिको’, या आणि पाहा, असे आपला धम्म म्हणतो. पण काय पाहायला बोलावले आहे ते आधी सांगावे लागते.

बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली ती भर सभेत, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या त्याही लाखोंच्या समोर, मोठ्याने. आपले जलसे घ्या. सत्यशोधक जलशाने आणि पुढे भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशाने तमाशाचा साचा घेतला, ढोलकी घेतली, विनोद घेतला. तो प्रचारच होता, आणि गावाला ते ठाऊक होते. ज्याला पटत नसे तो उठून जाई, कधी दगडही मारी! फसवला गेलो असे मात्र त्याला म्हणता येत नसे.

ज्या मुलामुलींच्या उड्यांवर टाळ्या पडतात त्यांचेही ऐका. २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने काही माजी कलाकारांच्या तक्रारी छापल्या: दुखापतींवर उपचार नाहीत, वेतन तुटपुंजे. त्याच वर्षी एका माजी नर्तिकेने न्यायालयात दावाही लावला. संस्थेने आरोप नाकारले आहेत. पण २०२३ अखेर मंडळीकडे २६ कोटी डॉलरहून अधिक मालमत्ता असल्याचेही त्याच वृत्तपत्राने दाखवले. पंथाची सेवा म्हणून नाचणाऱ्याला मजुरी मागणे अवघड जाते, असा आमचा तर्क आहे.

आता आपल्या घरचे. वर्धापनदिनाला आपले विद्यार्थी नाटिका बसवतात, आणि पत्रिकेवर आपण नुसते ‘विविध गुणदर्शन’ छापतो. शेजारच्या वस्तीतील, इतर धर्मांची माणसेही ती पत्रिका पाहून येतात. यंदा नाटिकेच्या नावाखाली ‘धम्मप्रबोधनपर’ हा शब्द ठळक टाइपात घालावा, अशी आमची सूचना आहे. चार माणसे कमी आली तरी चालतील. पत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी कार्यकारिणीने तिचा विचार करावा. जयभीम.