बंपरच्या आतलं लोखंड

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. एका कविसंमेलनासाठी पत्नीसह सांगलीहून साताऱ्याला निघालो होतो. दिवस मावळला होता. पेठ नाक्याच्या अलीकडे उसानं भरलेली ट्रॉली रस्त्याकडेला उभी होती. मागं दिवा नव्हता, लाल रिफ्लेक्टरही नव्हता. ब्रेक दाबला, तरी गाडी जाऊन धडकलीच. आम्ही दोघं सुखरूप होतो, पण पुढचा बंपर फाटून लोंबू लागला. ट्रॅक्टरवर बसलेला पोरगा आमच्यापेक्षा जास्त घाबरला होता.

साताऱ्यात बंपर तारेनं बांधून घेतला. सांगलीला परतल्यावर गॅरेजमध्ये म्हणालो, “मिस्त्री, नवा बंपर बसवा. रंग तेवढा जुळू द्या.”

“रंगाचं नंतर, काका. आधी आत बघू,” मिस्त्री म्हणाले.

क्लिपा काढून त्यांनी बंपर उतरवला. आपण बंपर म्हणतो ते नुसतं प्लॅस्टिकचं आवरण असतं, हे तेव्हा कळलं. २०१४ साली उत्पादन थांबलेल्या अँबॅसिडरला पूर्वी चकचकीत पोलादी बंपर असे. ठोकून सरळ करता येई. आता बहुतेक गाड्यांत मार झेलणारा लोखंडी दांडा आवरणामागं असतो. माझा वाकला होता. तसाच ठेवून वर नवं आवरण चढवलं असतं, तर गाडी देखणी दिसली असती आणि पुढच्या धक्क्याला उघडी पडली असती. दांडाही बदलला.

विम्याचा हिशेब त्यांनीच समजावला. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागाच्या किमतीवर ५० टक्के घसारा कापतात. ठरावीक रक्कम आपल्याला भरावी लागते, आणि दावा केला की पुढच्या वर्षीची नो-क्लेम बोनसची सवलत जाते. बेरीज-वजाबाकी केली आणि पैसे खिशातूनच दिले.

निघताना टेबलावर लाल रिफ्लेक्टर पट्टीचं रीळ दिसलं. “हंगामात ट्रॉलीवाले येतात, त्यांना फुकट चिकटवून देतो,” मिस्त्री म्हणाले.

“मग तुमचं गिऱ्हाईक कमी होईल की!”

“होऊ दे, काका. सगळ्यांचंच काम बंपरवर भागत नाही.”

तेव्हापासून एक रीळ माझ्याही गाडीत असतं. उभी ट्रॉली दिसली की चालकाला विचारून पट्टी लावतो. अजून कुणी नको म्हणालेलं नाही.