कॅमेरा आणि सुट्टी

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. १९३८ साली ते वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. शिजियाझुआंगमधील त्यांच्या समाधीचे चित्रीकरण करायला निघालो, तेव्हा सौ.ला म्हटले, "तूही चल. काम तीन दिवसांचे, मग चार दिवस भटकंती."

विमानतळावर कॅमेऱ्यांची नोंद कस्टममध्ये करून घेतली. नाहीतर परतताना आपल्याच वस्तूंवर ड्युटी भरायची!

पण तिकडे धुके. पुतळा धड दिसेना. काम अर्धवट सोडवेना, म्हणून सुट्टीतले तीन दिवस मीच खाल्ले. सौ. ट्रायपॉड धरून उभी. बोलली काहीच नाही, तेच जास्त लागले.

चीनची भिंत एकच दिवस पाहिली. कॅमेरा हॉटेलात ठेवून. तिची अटच होती.