दाद मागायला जागा हवी

(माहुल परिसरातल्या तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘उदारमतवादी लोकशाहीची तत्त्वं आणि संस्था’. विषय जड आहे आणि उकाडाही आहे. म्हणून पुस्तकातून नाही, या खिडकीबाहेरून सुरुवात करतो. बाहेर रिफायनऱ्या आहेत, तेला-रसायनांच्या टाक्या आहेत, खत कारखाना आहे, वीज केंद्र आहे. आणि त्यांना अगदी खेटून ७२ इमारती, सतरा हजारांहून जास्त घरं. मुंबईत घर म्हटलं की माणूस जीव टाकतो. मग ही घरं मिळालेली माणसं इथून पळायला का बघत होती?

तुमच्यातल्या काहींना हे घरातूनच ठाऊक असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या कडेला वर्षानुवर्षं वस्त्या होत्या. एका जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने २००९ मध्ये वाहिनीच्या दोन्ही बाजूंचे दहा-दहा मीटर मोकळे करायला सांगितलं. हा आदेश चुकीचा होता असं मी म्हणणार नाही; त्या वाहिनीतून शहराचं पिण्याचं पाणी जातं. २०१७ पासून विद्याविहार आणि आसपासच्या वस्त्या मोठ्या प्रमाणावर तोडल्या गेल्या आणि लोकांना माहुलच्या चाव्या दिल्या.

आता नीट बघा. सरकार निवडून आलेलं. महापालिका निवडून आलेली. आदेश न्यायालयाचा. बदल्यात घरही दिलेलं. कागदावर बोट ठेवायला जागा नाही. आणि तरी मुलं खोकत होती, अंगावर चट्टे येत होते, म्हाताऱ्यांना श्वास घेता येत नव्हता. बहुमताचं राज्य म्हणजेच लोकशाही असेल, तर इथे तक्रारीला वावच नव्हता. काही हजार विस्थापितांची मतं ती किती!

‘उदारमतवादी’ हा शब्द लागतो तो इथे. त्याचा अर्थ दोन वाक्यांत सांगता येतो. काही गोष्टी निवडून आलेल्यांनाही करता येत नाहीत. आणि त्यांनी त्या केल्याच, तर दाद मागायला अशी जागा हवी जी त्यांच्या खिशात नाही.

ती जागा कशी दिसते, ते माहुलमध्येच बघू. माहुल आणि आंबापाडा ही जुनी गावं. तिथल्या रहिवाशांनी हवेतल्या रसायनांबद्दल राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला होता. केईएम रुग्णालयाने २०१३ मध्ये इथे पाहणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते असं सांगितलं. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने स्पष्ट म्हटलं की इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. म्हणजे २०१७ मध्ये जी कुटुंबं ट्रकमध्ये सामान भरून इथे आली, त्यांच्या आधी वर्षाहून जास्त काळ हा निकाल कागदावर होता.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. केईएम कुणाचं? महापालिकेचं. माणसं माहुलला पाठवणारी महापालिका, आणि माहुलची हवा बाधते असं लिहून ठेवणारे डॉक्टरही महापालिकेच्याच पगारावरचे. त्यांनी साहेबांना काय आवडेल ते लिहिलं नाही, रुग्ण काय सांगतात ते लिहिलं. संस्था म्हटलं की आपल्याला संसद आणि सुप्रीम कोर्ट आठवतं. पण डॉक्टरचा खरा अहवाल, तलाठ्याचा खरा पंचनामा, माहिती अधिकाराच्या अर्जाला दिलेलं खरं उत्तर, हे नसेल तर न्यायाधीशासमोर ठेवायचं काय? निकाल आकाशातून पडत नाही, त्याला कागद लागतो.

पण नुसता कागद पुरत नाही. २८ ऑक्टोबर २०१८ पासून माहुलचे लोक विद्याविहारला, आपल्या तुटलेल्या घरांच्या जागी, फुटपाथवर येऊन बसले. जीवन बचाओ आंदोलन ते हेच. बायका पुढे होत्या, सगळ्या जातिधर्मांच्या. शेवटी २३ सप्टेंबर २०१९ ला उच्च न्यायालयाने सांगितलं की माहुलला राहायला जाण्याची सक्ती कुणावरही करता येणार नाही. दुसरीकडे घर देता येत नसेल तर महिना १५ हजार रुपये भाडं आणि ४५ हजार अनामत द्या. ज्या न्यायालयाने वाहिनीची कड मोकळी करायला सांगितली होती, तेच हे न्यायालय. यात विसंगती नाही. पाणी वाचवा हेही खरं आणि माणसाला विषारी हवेत ढकलू नका हेही खरं.

उशीर झाला? झालाच. त्या दोन-अडीच वर्षांत ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना लोकशाही यशस्वी झाली असं सांगायला मी जाणार नाही.

आता जरा टोचणारी गोष्ट. आपल्यात एक समजूत पक्की आहे की सत्तेत ‘आपला माणूस’ असला की झालं. जून १९८० मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदी आपला माणूस होता, रायगडमधल्या आंबेतचे बॅरिस्टर अंतुले. कर्तबगार माणूस, संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच काळातली. याच अंतुल्यांनी १३ जुलै १९८१ ला जाहीर केलं की मुंबईतल्या फुटपाथवरच्या लोकांना हटवून आपापल्या गावी धाडून देऊ. भर पावसाळ्यात! झोपड्या तुटल्या, माणसं बसमध्ये कोंबली गेली. त्या फुटपाथवर मुसलमान नव्हते असं कुणाला वाटतं का?

त्या वेळी उपयोगी पडली ती जात-बिरादरी नाही. ओल्गा टेलिस या पत्रकार, पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना आणि खुद्द फुटपाथवर राहणारी काही माणसं न्यायालयात गेली. १० जुलै १९८५ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, आणि हटवण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, हे त्या निकालाने ठरलं. आणि हेही ऐका: त्या लोकांची घरं काही त्याने वाचवली नाहीत. पावसाळा संपेपर्यंत थांबा, मुख्यतः एवढंच त्यांच्या पदरात पडलं. पण आज कुठल्याही वस्तीत बुलडोझर आला की वकील पहिल्यांदा विचारतो, नोटीस कुठे आहे? त्या प्रश्नाचं बळ त्या निकालातून येतं.

निवडणुकीला मी कमी लेखतोय असं समजू नका. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असं संविधानाचं कलम २४३-यू सांगतं. मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला! मधली जवळजवळ चार वर्षं सगळा कारभार प्रशासकाकडे. गटार तुंबलं तर दार ठोठवायला नगरसेवक नाही. याच काळात महापालिकेने माहुलची हजारो रिकामी घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना साडेबारा लाखांच्या आसपास विकायला काढली. मुंबईत, या भावात! तरी घेणारे फार पुढे आले नाहीत. ज्यांना निवड करता येत होती, त्यांनी काय निवडलं ते बघा.

आणि शेवटी आपलं घर. नागरिकाचं सरकारपासून रक्षण हवं, तसं त्याच्या स्वतःच्या जमातीपासूनही हवं. बहिष्कृत केलेल्या बोहरा माणसाचं उदाहरण घ्या. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातबहिष्काराविरुद्ध कायदा केला. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली रद्द केला. असगर अली इंजिनिअर या मुंबईकराने पुढे आयुष्यभर या बहिष्काराची किंमत मोजली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये नवा कायदा केला, आणि १९६२ च्या निकालाचा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. आपण सरकारला नोटीस मागतो, सुनावणी मागतो, हिशोब मागतो. मग मोहल्ल्यातल्या मशिदीच्या ट्रस्टची निवडणूक शेवटची कधी झाली? हिशोब भिंतीवर लागतो का? तलाकची तक्रार घेऊन जमातीपुढे आलेल्या बाईला स्वतःचं म्हणणं स्वतः मांडू देतात, की तिचा भाऊ बोलतो?

आता तुमचे प्रश्न घेतो. ट्रस्टबद्दलचे आधी विचारा, ते नेहमी शेवटी राहून जातात.