मुलाचं कुठे अडतंय?

श्रोतेहो, समोर पालकही बसले आहेत आणि शिक्षकही. एरवी तुमची गाठ पालकसभेत पडते आणि तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं : "हुशार आहे हो, पण लक्षच देत नाही." आज मी त्या एका वाक्याबद्दलच बोलणार आहे, कारण त्यानं मुलांचं फार नुकसान केलं आहे. ते वाक्य उच्चारलं की शोध थांबतो.

हा शोध न थांबवणारी माणसं आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला वारल्यांची मुलं गुरं राखायला जात, तेव्हा गुरं चरत तिथेच शाळा भरवली, ती कुरणशाळा. 1975 च्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे अंगणवाडी देशभर पोचली. पण मूल येत नसेल तर आधी त्याचं कुठे अडतंय ते पाहायचं, ही ताराबाईंची रीत मात्र आपल्या पक्क्या इमारतींच्या शाळांत पोचली नाही.

आजच्या शाळेत मूल वर्गात बसलेलं असतं आणि तरीही अडलेलं असतं. अशा मुलांपैकी काहींना अध्ययन अक्षमता असते. बुद्धी चांगली, डोळे-कान ठीक, शिकवणारेही मन लावून शिकवणारे. तरी वाचन, लेखन किंवा गणित साधत नाही. मराठी माध्यमात ही अडचण फार उशिरा ध्यानात येते. इंग्रजीत एकाच अक्षराचे निरनिराळे उच्चार होतात, त्यामुळे असं मूल वाचायला लागलं की चुका लगेच कानावर येतात. आपल्या लिपीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बरंच पक्कं आहे. मूल रखडत का होईना, पण बरोबर वाचतं. आपण म्हणतो, वाचता येतंय की! पण एकेक अक्षर उलगडण्यातच त्याची सगळी शक्ती खर्ची पडते आणि ओळ संपेपर्यंत सुरुवातीला काय होतं ते निसटून जातं.

लिपीचे पेचही थोडे नाहीत. 'दिवस' लिहिताना पहिली वेलांटी 'द'च्या आधी काढायची, पण उच्चारायची नंतर. 'गर्व' शब्दातला 'र' बोलताना 'व'च्या आधी येतो आणि कागदावर त्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत फरक एवढासा. त्यात जोडाक्षरं. पहिली-दुसरीत धडे लहान असतात, ऐकून पाठ करून निभावतं. तिसरी-चौथीत परिच्छेद लांबतात, गणितात शाब्दिक उदाहरणं येतात आणि मूल उघडं पडतं.

मग वागणं बिघडतं. उभं राहून वाचायची पाळी जवळ आली की त्याला पाणी प्यायला जायचं असतं, शेजारच्याला ढोसायचं असतं. चारचौघांत 'ढ' ठरण्यापेक्षा मस्तीखोर ठरलेलं बरं, हे नऊ वर्षांच्या मुलालाही कळतं. काहींचं सोमवारी सकाळी पोट दुखतं. त्याला ढोंग म्हणू नका. मनावरच्या ताणानं पोट खरोखर दुखतं.

लक्ष न लागणाऱ्या प्रत्येक मुलाला हीच अडचण असते, असं मी म्हणत नाही. नजर, ऐकणं, झोप, घरातली भांडणं, सगळंच पाहायला हवं. घरी कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाचा प्रश्न तर वेगळाच आहे.

आता घरचं. संध्याकाळी चुकलेला शब्द दहा-दहा वेळा लिहून घेतला जातो, शेवटी आई रडते आणि मूलही रडतं. त्यापेक्षा परिसर अभ्यासाचा धडा तुम्ही वाचून दाखवा आणि उत्तर तोंडी विचारा. त्याला विषय कळतो, हे त्याचं त्यालाही समजू द्या. वाचनाचा सराव वेगळा ठेवा, थोडाच, पण रोज. एक ओळ तुम्ही, एक ओळ त्यानं. शिक्षकांनी त्याचा परिच्छेद आदल्या दिवशी सांगून ठेवावा. आणि अभ्यास झाला नाही म्हणून खेळाचा तास कधीही काढून घेऊ नये. दिवसभरात ज्या एका जागी ते मूल ताठ मानेनं उभं राहतं, तीच आपण हिरावतो. मला हा सगळ्यांत मोठा अन्याय वाटतो.

कायदा मुलाच्या बाजूला आहे. शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. राज्य मंडळाच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र ठरावीक सरकारी आणि पालिका रुग्णालयांतून मिळतं. पण कितीतरी पालक तिथे जातात ते दहावीच्या तोंडावर. तोवर मुलानं स्वतःबद्दलचं मत कायम करून टाकलेलं असतं.

जूनमध्ये शाळा उघडतील. शिक्षकांना माझी विनंती आहे की पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाला जवळ बोलावून, वर्गासमोर नव्हे, एक परिच्छेद वाचून घ्या आणि काय वाचलं ते विचारा. पालकहो, तुमचं मूल तिसरी-चौथीत असेल तर उद्याच त्याचं वाचन ऐका. शंका आली तर रागावू नका, थांबू नका. तपासणी करून घ्या.