तक्रार आणि तपास

जानेवारी १९७९. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे ‘वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉड’ या पंथाच्या मुख्यालयात न्यायालयाने नेमलेला प्रशासक अचानक दाखल झाला. पंथ सोडलेल्या सहा जणांची तक्रार होती, की वरिष्ठ मंडळी भाविकांचा पैसा स्वतःसाठी वापरतात. या नेमणुकीपूर्वी चर्चची बाजू ऐकूनही घेतलेली नव्हती. हे मला फार गंभीर वाटतं. पुढे १९८० मध्ये राज्याने कायदाच बदलला, धार्मिक संस्थांवरचे सरकारी अधिकार कमी झाले आणि या तक्रारीवरून चाललेला खटला राज्याला सोडून द्यावा लागला. आरोप सिद्ध झाला नाही, आणि हिशेबांची शहानिशाही न्यायालयात पुरी झाली नाही.

संस्था सोडलेल्या माणसाला आतली माहिती असते. तो दुखावलेला असेल, पण तेवढ्याने त्याची तक्रार खोटी ठरत नाही. मात्र प्रमुखांची महागडी गाडी किंवा उशिरा आलेला ताळेबंद म्हणजे अफरातफर नव्हे. पैसा कुणाच्या खात्यात, कोणत्या ठरावाने गेला, हे कागदांवरून दाखवावं लागतं.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, बाजू ऐकून घेण्याची तरतूद कायद्यातच आहे: १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ड प्रमाणे विश्वस्ताला काढण्याआधी दोषारोप निश्चित करून त्याला उत्तराची संधी द्यावी लागते. न्यासाची जमीन विकायला कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. जमिनीबद्दल शंका असेल, तर आधी ती मंजुरी घेतली होती का, एवढंच विचारावं.