एक कारकून, तीन शिपाई आणि साजूक तूप

(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडी मोहल्ला, म्हैसूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रोगप्रतिकारशास्त्राच्या एका प्रयोगशाळेतील मंडळींची ओळख करून द्यावी, असे कार्यवाहांनी आम्हांस सुचविले. आम्ही निदर्शनास आणले की, आमची विद्या बी. ए. पर्यंतची आणि चाकरी केंद्र सरकारची. ते म्हणाले, "म्हणूनच! कर्मचारीवर्गाची ओळख तुमच्याखेरीज कोण करून देणार?" तेव्हा कचेरीच्या रीतीनेच आरंभ करतो.

प्रयोगशाळा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील, साल १८९६. शहरात प्लेगने थैमान मांडले होते. प्रमुख वाल्देमार हाफकिन, जन्म ओडेसाचा, वय ३६. मंजूर कर्मचारी : एक कारकून, तीन शिपाई. एवढ्या मनुष्यबळावर आमच्या कचेरीत आवक-जावकही धड चालत नाही. हाफकिनसाहेबांना त्यावर प्लेगची लस करावयाची होती. तीन महिन्यांत एका सहायकाचे मनःस्वास्थ्य ढासळले आणि दोघे काम सोडून गेले. पण त्यांना हसू नये. त्यांच्या पुढ्यात फायली नव्हत्या, जिवंत प्लेग होता.

पुढील सदस्य बोकड. जंतू वाढविण्यासाठी मांसरस लागे. गोमांस वा डुकराचे मांस वापरून कोणाचा धर्म दुखवू नये, म्हणून हा मान बोकडाला मिळाला. त्यानंतरचे सदस्य आपल्या स्वयंपाकघरातील : तूप! रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्या आधाराने जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढत. मग उष्णतेने त्यांना मारीत. मेलेला शत्रू दाखवून शरीराला जिवंत शत्रूची ओळख पटवावयाची, ही या शास्त्रातील मुख्य युक्ती.

१० जानेवारी १८९७ रोजी ही लस प्रमुखांनी सर्वप्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप आला, तो सोसला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी स्वेच्छेने पुढे आले. हजेरीपटावर त्यांची नावे नाहीत. तरी आम्ही त्यांस सदस्यच मानतो. पुढे १८९८ साली प्लेग आपल्या म्हैसूर संस्थानातही शिरला, तेव्हा प्रतिकाराचे हे साधन तयार होते.

शेवटचा सदस्य एक चिमटा. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचताना तो एका मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला, आणि नीट निर्जंतुक न करताच त्याने कुपीचे बूच काढले गेले. त्या एका कुपीतून लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मृत्यू पावली. ठपका मात्र शेकडो कोस दूर असलेल्या हाफकिन यांच्यावर आला. कामावरून दूर व्हावे लागले, चौकश्या झाल्या. शास्त्रज्ञांनी उघडपणे बाजू मांडली, तेव्हा १९०७ साली ते दोषमुक्त ठरले. पाच वर्षे! तीस वर्षे फायली हाताळलेल्या आम्हांला ती पाच वर्षे किती लांब असतील, याची थोडी कल्पना येते. १९२५ साली परळच्या त्या संस्थेस हाफकिन यांचे नाव मिळाले. कागदावर न्याय झाला. पण त्या १९ घरांचे काय, हे कोणत्या कागदावर लिहावे?

मंडळी, चूक झाली की वरच्या नावावर येते, आणि यश आले की खालची नावे पुसली जातात. त्या कारकुनाचे, त्या तीन शिपायांचे नाव आम्हांस आज तुम्हांला सांगता येत नाही, हीच या ओळखपरेडीतील आमची लाज.

आपल्या स्मरणिकेत पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे येतील, ती यावीतच. पण गणेशोत्सवात पहाटे सभागृहाचे कुलूप उघडणारे, सतरंज्या अंथरणारे, मोदकांसाठी नारळ खोवणाऱ्या भगिनी, यांची नावेही एका पानावर छापावीत, अशी संपादकांस आमची विनंती आहे. आणखी पन्नास वर्षांनी कोणी आपली ओळख करून देऊ लागेल, तेव्हा त्याला तरी लाजावे लागू नये.